बडोद्यातलं हृदयप्रत्यारोपणानंतरचं व्यायाम केंद्र: सुरुवात उत्तम, शेवट घाईचा

बडोद्यात हृदयप्रत्यारोपण झालेल्या माणसाला ‘व्यायाम कुठे करू?’ हा प्रश्न साधारण दुसऱ्या महिन्यात पडतो. शस्त्रक्रिया अहमदाबाद, मुंबई किंवा चेन्नईला झालेली असते. डिस्चार्जच्या कागदावर शेवटी ‘कार्डिॲक रिहॅब’ एवढंच लिहिलेलं असतं. आणि घर असतं दांडिया बाजारात, नाहीतर मांजलपूरला. बायोप्सीसाठी, म्हणजे हृदयाचा बारीक तुकडा काढून तपासण्यासाठी, अहमदाबादला जावंच लागतं, पण आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी शंभर किलोमीटर कोण जाणार? म्हणून शहरातल्याच एका हृदय-पुनर्वसन केंद्राच्या १२ आठवड्यांच्या, ३६ सत्रांच्या कार्यक्रमाचं हे परीक्षण. खाली तक्रारीही आहेत, त्यामुळे केंद्राचं नाव घेतलेलं नाही. कुठल्याही केंद्रात जाऊन काय बघायचं, ते मात्र सगळं लिहिलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. केंद्र चांगलं आहे, पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असं. वॉर्मअप, नोंदी आणि ताकदीचे व्यायाम इथे मन लावून करून घेतात. कूलडाउन, म्हणजे शेवटी हळूहळू थांबण्याचा भाग, मात्र कापतात. बायपासच्या पेशंटला ते एक वेळ खपून जाईल, प्रत्यारोपणाच्या पेशंटला खपत नाही.

त्याचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. नवं हृदय बसवताना रक्तवाहिन्या शिवतात, नसा शिवता येत नाहीत. हृदयाला आवर घालणारी व्हेगस नस तुटलेली असते, म्हणून बसल्या जागी नाडी ९० ते ११० असते. वेग वाढवणाऱ्या नसाही तुटलेल्या, म्हणून चालायला लागलं तरी पहिली काही मिनिटं नाडी फारशी हलत नाही. त्या वेळात काम चालतं ते पायांच्या जोरावर. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू शिरांतलं रक्त वर ढकलतात, हृदय जास्त भरतं आणि जास्त भरलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं. चार-पाच मिनिटांनी रक्तातलं ॲड्रेनलिन पुरेसं वाढतं, तेव्हा कुठे ठोके चढू लागतात. थांबल्यावर उलटा प्रकार. ॲड्रेनलिन रक्तात अजून शिल्लक असतं, त्यामुळे नाडी मिनिटभर आणखी वर जाते आणि मग सावकाश उतरते. वर्षभरानंतर बऱ्याच जणांत काही नसा पुन्हा रुजतात, पण सगळ्यांत सारख्या नाही. पहिल्या वर्षी तरी नसा नाहीत असं धरूनच व्यायाम बसवावा लागतो.

केंद्राच्या नोंदपत्रकावर हे अगदी स्पष्ट दिसतं. सायकलवरच्या एका सत्राचे आकडे बघा: बसलेलं असताना नाडी ९८, पहिल्या मिनिटाला ९९, तिसऱ्याला १०३, सहाव्याला ११२, दहाव्याला १२१. थांबल्यानंतर एका मिनिटाने १२४, तीन मिनिटांनी १२०, दहा मिनिटांनी १०८. शेजारच्या सायकलवर बायपास झालेले गृहस्थ होते. त्यांची नाडी ७२ वरून दोन मिनिटांत १०० वर गेली आणि थांबल्यावर मिनिटाभरात ८५ वर आली. दोन सायकली शेजारी, दोघांचा भार सारखा, पण हृदयाची रीत एकदम वेगळी. बॅच एकत्र असली तरी ही दोन पत्रकं इथे वेगळ्या रंगाची ठेवतात. प्रत्यारोपणाचं पत्रक पिवळं, आणि त्यावर ‘वॉर्मअप १० मिनिटं, कमी नाही’ असं वरच छापलेलं आहे. ही दहा मिनिटं खरोखर पाळतात. आधी खुर्चीत बसून पावलं वरखाली, मग जागेवर संथ चालणं, मग भाराशिवाय सायकल.

एक गोष्ट मात्र केंद्राच्या लक्षात आलेली नाही. जागा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट अधूनमधून बंद असते. म्हणजे रुग्ण गाडीतून उतरतो आणि थेट चाळीसएक पायऱ्या चढतो, वॉर्मअपच्या आधीच. नाडी जागची हललेली नसताना जिना चढणं हे या हृदयासाठी सगळ्यात अवघड काम. वर पोचेपर्यंत धाप लागते आणि घरचे घाबरतात, ‘काहीतरी बिघडलं’ म्हणून. बिघडलेलं काही नसतं, हृदयाला वेळ मिळालेला नसतो. उपाय सोपा आहे. पंधरा मिनिटं लवकर यावं, खाली पार्किंगमध्ये पाच-सात मिनिटं संथ चालावं, मग एका वेळी पाच-सहा पायऱ्या चढून थांबत वर जावं. घरच्या जिन्यालाही हाच नियम.

नाडीवर भरवसा ठेवता येत नाही, मग जोर किती लावायचा हे ठरवायचं कशावरून? श्रमाच्या जाणिवेवरून. त्यासाठी भिंतीवर बोर्ग मोजपट्टी लावलेली आहे, ६ ते २० आकड्यांची. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी हे आकडे असे निवडले की दहाने गुणलं की निरोगी तरुणाची नाडी साधारण मिळावी. प्रत्यारोपित हृदयाला तो गुणाकार लागू पडत नाही, पण जाणीव लागू पडते. ९ म्हणजे फार हलकं, ११ हलकं, १३ थोडं जड, १५ जड, १७ फार जड. सुरुवातीचे आठवडे ११ ते १३ मध्ये राहायचं, पुढे १४ पर्यंत. जोडीला बोलून बघायची परीक्षा. एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येईल इतकं सोपं मात्र नको.

या केंद्राची पट्टी तीन भाषांत आहे आणि मराठी मजकूर कुणीतरी मनापासून लिहिलेला आहे. ‘मध्यम तीव्रता’ वगैरे पुस्तकी शब्द नाहीत. ११ समोर ‘बाजारातून रमतगमत येताना’, १३ समोर ‘भरली पिशवी घेऊन येताना’, १५ समोर ‘पिशवी घेऊन बस पकडायला निघालो’. दर तीन मिनिटांनी फिजिओ विचारतात, “काका, आता किती?” आणि काकांनी आकडाच सांगायचा असतो. ‘ठीक आहे’ हे उत्तर चालत नाही. हा आग्रह योग्यच आहे. आपल्याकडची वडीलधारी माणसं १७ वर पोचली तरी ‘ठीक आहे’च म्हणतात, आणि बायका तर त्याहून जास्त सोसतात. पहिल्या आठवड्यात आकडा सांगताना चुका होतातच. म्हणून केंद्र तीन वेगवेगळ्या भारांवर आकडा विचारून माणसाची जाणीव आधी नीट बसवून घेतं. यात अख्खी दोन सत्रं जातात. ती वाया गेली असं घरच्यांनी समजू नये.

याच आकड्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे, आणि या केंद्राचं खरं श्रेय तिथे आहे. नसा तुटलेल्या असल्यामुळे हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्या तरी छातीत दुखेलच असं नाही. शरीर हृदयाला नाकारू लागलं तर सुरुवातीला नुसता थकवा असतो, तोही एखादे वेळी जाणवत नाही. पण काल २५ वॅटला ‘११’ म्हणणारा माणूस आज त्याच २५ वॅटला ‘१५’ म्हणाला, तर ती खूण आहे. इथे पिवळ्या पत्रकावर त्याच भाराचा मागच्या तीन सत्रांतला आकडा शेजारी लिहिलेला असतो. तीन अंकांपेक्षा जास्त फरक पडला, तर व्यायाम थांबवून वजन, ताप, पायावरची सूज, रक्तदाब आणि नाडीची लय तपासतात, ईसीजी काढतात आणि प्रत्यारोपण केंद्राला त्याच दिवशी फोन जातो. दोन दिवसांत दीड किलो वजन वाढलं तरी तेच. घरी व्यायाम करणाऱ्यांनी वहीत हाच तक्ता आखावा: तारीख, सकाळचं वजन, रक्तदाब, भार किंवा अंतर, आणि आकडा. महागडं घड्याळ घेण्यापेक्षा ही वही जास्त कामाची. घड्याळातले ‘झोन’ बहुतेक वेळा कमाल नाडी म्हणजे २२० वजा वय या हिशेबावर बसवलेले असतात आणि इथे तो हिशेब चुकतो. बसल्या जागीच नाडी १०५ असल्यामुळे घड्याळ सोफ्यावर बसलेल्या माणसालाही व्यायाम चालू असल्याचं दाखवतं.

साधनांबद्दल. सायकली तीन आहेत. त्यांतली एकच वॅट दाखवणारी, बाकी दोन घरगुती चुंबकी, ज्यांच्यावर १ ते ८ अशी गोल कळ असते. कळीवरचा ‘३’ या सायकलवर वेगळा, त्या सायकलवर वेगळा. नोंदी जुळवायच्या तर नेहमी एकच सायकल मिळायला हवी, आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णाला ती वॅटवालीच मिळायला हवी. हे आधी सांगून ठेवावं. सीटची उंची लावताना पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, ताठ होऊ नये. केंद्राने सीटच्या दांड्यावर रंगीत चिकटपट्ट्या लावून ज्याची त्याची खूण केलेली आहे, छोटीशी पण उपयोगी सोय. सुरुवात १० ते २५ वॅटवर, पाच-पाच मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या आणि मधे विश्रांती. आठवडा-दोन आठवड्यांत सलग १५ मिनिटं, मग २० ते ३०. आधी वेळ वाढवायची, भार नंतर. दोन्ही एकाच दिवशी कधीच नाही. ट्रेडमिल ताशी २ ते २.५ किलोमीटरपासून, चढ शून्य, आणि वेग वाढवायचा तो दर दोन-तीन मिनिटांनी अर्ध्या किलोमीटरने. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधामुळे हात थरथरत असतील तर सुरुवातीला ट्रेडमिलपेक्षा सायकल बरी.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात होते. त्यासाठी ३० मीटरचा सरळ मार्ग लागतो. इथला कॉरिडॉर निम्मा आहे. वळणं दुप्पट होतात, वळताना वेग मोडतो आणि अंतर कमी भरतं. त्यामुळे इथल्या आकड्याची तुलना अहमदाबादच्या आकड्याशी करू नये. इथल्या पहिल्या चाचणीची इथल्याच दुसऱ्या चाचणीशी करावी. रिपोर्टवर कॉरिडॉरची लांबी लिहायला सांगितलं तर लिहून देतात, पण आपणहून लिहीत नाहीत.

ताकदीच्या व्यायामांचा भाग आम्हाला सगळ्यात आवडला. प्रत्यारोपणाआधी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेलं शरीर, त्यात नंतर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा मारा. स्टिरॉइड मांड्या आणि खांदे खातं, हाडंही ठिसूळ करतं. नुसतं चालून हे भरून येत नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात प्रत्यारोपणानंतर दोन महिन्यांनी वजनाचे व्यायाम सुरू केलेल्यांची हाडांची घनता सहा महिन्यांत जवळपास पूर्वीच्या पातळीवर आली होती, ते न करणाऱ्यांची आली नव्हती. केंद्र याला आठवड्यातले दोन दिवस देतं.

पण बडोद्याच्या माणसाला इथे एक सांगणं आहे. जुम्मादादा आणि प्रो. माणिकराव यांच्या आखाड्याची परंपरा ऐकत वाढलेल्या घरांत व्यायाम म्हणजे जोर, बैठका आणि अंगातून निथळणारा घाम. घरातले ज्येष्ठ प्रेमापोटी म्हणतात, “दहा जोर काढ, छाती भरेल.” तीन महिने जोर नाहीत. छातीचं मधलं हाड करवतीने कापून तारेने बांधलेलं असतं. ते सांधायला साधारण १२ आठवडे लागतात, आणि स्टिरॉइडवर असलेल्याला मधुमेह असेल तर त्याहून जास्त. तोवर दोन-तीन किलोंहून जास्त उचलायचं नाही, दार ढकलायचं नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. छातीत ‘कट्’ असा आवाज आला किंवा हाड हलल्यासारखं वाटलं, तर व्यायाम बंद आणि सर्जनला दाखवायचं. सूर्यनमस्कारही तोवर नकोत. तो बंधनांचा काळ संपल्यावर आधी खुर्चीचा आधार घेऊन करावेत. डोकं खाली जाऊन झटकन वर आलं की रक्तदाबाच्या गोळ्यांवर असलेल्याला घेरी येते, कारण ती सावरायला हृदय लगेच धावत नाही.

बैठका मात्र हव्यातच, पण खुर्चीवरच्या. केंद्राची खुर्ची ४५ सेंटिमीटर उंचीची, बिनहाताची, भिंतीला टेकवलेली. पहिल्या दोन आठवड्यांत तीवर घट्ट गादी ठेवून उंची वाढवतात. दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर दुमडलेले. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं आणि उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडला तर रक्तदाब उसळतो. बसताना तीन आकडे मोजत खाली यायचं, धपकन बसायचं नाही. मांडी बसतानाच जास्त घडते. आठ ते दहा वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, मग आणखी एकदा. दर महिन्याला ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजतात. जोडीला भिंतीला हात लावून टाचा उचलणं, आडवं होऊन पाय सरळ उचलणं. रबरी पट्ट्यांनी दंड आणि पाठीचे व्यायाम १२ आठवड्यांनंतर, तेही सर्जनच्या लेखी परवानगीने. कंबरेतून वाकून वजन उचलायला इथे सक्त मनाई आहे आणि ते अगदी बरोबर आहे. ठिसूळ मणका असाच चेपतो. पाठीत अचानक कळ आली तर ‘उसण भरली’ म्हणून मालिश करून घेऊ नये, एक्स-रे काढावा. एक कमतरता: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशा अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे का, हे इथे विचारत नाहीत. स्टिरॉइडबरोबर ही औषधं असली की टाचेमागचा स्नायुबंध (टेंडन) तुटायचा धोका वाढतो. टाचा उचलण्याचे व्यायाम तेव्हा थांबवायला हवेत. रुग्णानेच आपणहून सांगावं.

आता पहिली मोठी तक्रार. स्वागतकक्षात ‘इंटरव्हल ट्रेनिंग’चा नवा फलक लागला आहे, जादा फी घेऊन. कल्पना चुकीची नाही. स्कँडिनेव्हियात झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या प्रत्यारोपण-रुग्णांना चार-चार मिनिटांचे जोराचे टप्पे दिले होते. मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांची प्राणवायू वापरायची क्षमता जास्त वाढली. पण तिथे जोर ठरवला होता तो प्रत्यक्ष मोजलेल्या कमाल नाडीच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर, तोंडाला मास्क लावून केलेल्या कमाल श्रमचाचणीनंतर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. इथे ती चाचणी होत नाही. नाडीचं लक्ष्य २२० वजा वय या सूत्राने काढतात, म्हणजे पिवळ्या पत्रकावर जी चूक टाळली तीच फलकावर केली. कमाल श्रमचाचणीचा रिपोर्ट आणि प्रत्यारोपण केंद्राची चिठ्ठी हातात असल्याशिवाय या बॅचला नाव घालू नये. साध्या कार्यक्रमानेही भरपूर फायदा होतो.

आणि दुसरी तक्रार, खरी म्हणजे मुख्य. संध्याकाळची बॅच ४.४५ ला सुरू होते, ५.४५ ला पुढची. वॉर्मअप १०, सायकल २५, ताकद १५ मिनिटं. एवढ्यात ५.३५ होतात, आणि साधनं पुसायला दहा मिनिटं लागतात. कापलं जातं ते कूलडाउनच. पत्रकावर दहा मिनिटं छापलेली, प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटं हात हलवून “चला काका, झालं!” या वेळी शरीरात काय चाललेलं असतं? पायांच्या रक्तवाहिन्या उघडलेल्या असतात. पाय थांबले की रक्त वर ढकलणारा पंप थांबतो आणि रक्त पायांत साचतं. नाडी १२० दिसते, पण हृदयाला भरायला रक्तच नसेल तर १२० ठोक्यांनी काय होणार? साध्या माणसाची नस अशा वेळी क्षणात हृदयाला इशारा देते. इथे ती नस नाही. रक्तदाब घसरतो आणि माणूस जिन्यात भिंत धरून उभा राहतो. याच केंद्राच्या जिन्यात हे घडताना दिसतं. व्यायामानंतर रक्तदाब मोजतात तोही थांबल्याबरोबर, तेव्हा तो चांगलाच दिसतो. मोजायला हवा पाच आणि दहा मिनिटांनी, एकदा बसून, एकदा उभं राहून. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने उतरला तर जिना उतरायचा नाही, पाय वर घेऊन बसायचं.

केंद्राला जागेची अडचण आहे हे मान्य. पण कूलडाउनला सायकल लागत नाही. कॉरिडॉरमध्ये चार-पाच खुर्च्या मांडल्या, पाच मिनिटं संथ चाल आणि पाच मिनिटं बसून टाचा-चवडे आलटून पालटून उचलणं ठेवलं, तरी पुरतं. तोवर हॉलमध्ये पुढची बॅच सुरू होऊ शकते.

त्या कॉरिडॉरची खिडकी मात्र आधी बंद करायला हवी. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर कबुतरं बसतात आणि विष्ठेचा थर वाळून पांढरा झालेला आहे. चबुतऱ्यावर दाणे टाकायची पद्धत आपल्या शहरात घरोघरची, श्रद्धेची. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला कबुतराच्या वाळक्या विष्ठेतून क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, फुप्फुसात आणि मेंदूच्या आवरणात. जाळी बसवावी आणि कट्टा ओला करून धुवावा, कोरडा झाडू नये. बाकी स्वच्छता बरी आहे. हँडल प्रत्येकानंतर पुसतात, सर्दी-खोकला असलेल्याला परत पाठवतात, मास्कची सक्ती आहे. दुसरा मजला जिन्यासाठी गैरसोयीचा असला तरी एका बाबतीत फायद्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरभर शिरलं होतं. पुरात भिजलेल्या तळमजल्यावर भिंतीच्या प्लायवुडमागे काळी बुरशी धरते. कोंदट वास येणाऱ्या जिममध्ये या रुग्णाने पाऊल टाकू नये.

आपत्कालीन तयारी चांगली. डीफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, हॉलमध्येच आहे, कुलपात नाही. पिवळ्या पत्रकाच्या मागे लाल अक्षरांत लिहिलेलं आहे की ॲट्रोपीनने या हृदयाचा वेग वाढेल असं धरू नये आणि ठोके मंदावणाऱ्या ॲडेनोसिनला ते नेहमीपेक्षा जास्त संवेदनशील असतं. हे ठाऊक नसलेला डॉक्टर धावत आला तरी कागद त्याच्या हाती पडतो. बसलेलं असताना रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, ताप असेल, बायोप्सी त्याच दिवशी झाली असेल किंवा रिपोर्टमध्ये मध्यम वा तीव्र रिजेक्शन (शरीराने हृदय नाकारणं) आलं असेल, तर व्यायाम नाही, हा नियमही पाळतात. साखरही आधी तपासतात. टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड दोन्ही साखर वाढवतात, आणि इन्सुलिन घेणाऱ्याची व्यायामात घसरते.

वेळेचं एक गणित रुग्णाने स्वतः सांभाळायचं. टॅक्रोलिमसच्या दोन डोसांत १२ तासांचं अंतर लागतं आणि रक्तातली पातळी तपासायची ती सकाळच्या डोसआधी. सकाळची ७.३० ची बॅच घेतली आणि त्याच दिवशी रक्त द्यायचं असलं, तर गोळी राहून जाते. गोळीची वेळ व्यायामासाठी कधीही हलवायची नाही. आणि बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरचा उसाचा रस, कापलेली फळं नाहीत. पपनसही नाही, ते टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं.

फी महिन्याची एकरकमी घेतात आणि चुकलेलं सत्र पुढे धरत नाहीत. हे अन्यायाचं आहे. बायोप्सी, ताप, औषध बदल यांमुळे या रुग्णाची सत्रं चुकणारच, आणि ती त्याने चुकवावीत हा केंद्राचाच नियम आहे. भरण्याआधी बोलून घ्यावं. पावतीवर ‘जिम’ न लिहिता ‘हृदय-पुनर्वसन उपचार’ लिहून घ्यावं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. काही पॉलिसींत डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो.

केंद्र नसलेल्या दिवशी कमाटीबाग चांगली. रस्ते सपाट, बसायला बाकं, सावली भरपूर. सकाळी झाडलोट चालू असते तेव्हा पाचोळ्याची धूळ उडते, ती बसल्यावर जावं. प्राणीसंग्रहालयातल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांकडे वळू नये. एप्रिल ते जून साडेसातच्या आत घरी यावं, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी घालून. या औषधांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, ऊन त्यात भर घालतं. पहिली दहा मिनिटं रमतगमत, मधली वीस १३ च्या आकड्यावर, शेवटची दहा पुन्हा रमतगमत. फाटकापाशी थांबून लगेच रिक्षात बसायचं नाही.

केंद्रात नाव घालायचं असेल तर सकाळची १०.३० ची बॅच मागा. तिच्यामागे दुसरी बॅच नसते, हॉल साडेबारापर्यंत रिकामा असतो आणि कूलडाउनची पूर्ण दहा मिनिटं मिळतात. वॅटवाली सायकलही त्या वेळी मोकळी असते.